ऑगस्टात सगळेच शून्य-शून्य: कॉलेज फुटबॉलच्या गप्पांत शिरण्याची नवख्यांसाठी वाट

ऑगस्टच्या मध्यावर तुम्ही दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि घरून कोंबून दिलेला गोडा मसाला घेऊन अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावात उतरता. पहिले दहा दिवस सिम कार्ड, बँकेचं खातं आणि भाड्याच्या घराच्या किल्ल्या यांत जातात. मग एक दिवस लक्षात येतं की आजूबाजूची माणसं भलत्याच विषयावर बोलतायत. बँकेतली बाई खातं उघडता उघडता विचारते, "शनिवारी जाणार ना?" लॅबमधला अबोल पोस्टडॉक फळ्यावर समीकरणांऐवजी फुल्या, गोळे आणि बाण काढून कुणाला तरी तावातावाने काही समजावत असतो. तुम्ही मान डोलावता आणि खोलीवर येऊन शोधत बसता.

हे कॉलेज फुटबॉल. नावात फुट असलं तरी पायाचा संबंध अधूनमधूनच येतो.

मी इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटमध्ये राहतो, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाच्या गावात. मराठी मुलं इथे पूर्वीपासून येतात, बहुतेक इंजिनीअरिंगला. आमच्या संघाचा २०२४ सालचा हिशेब एक विजय, अकरा पराभव असा आहे, तेव्हा जिंकण्याबद्दल मी काही सांगू नये हेच बरं. गप्पांबद्दल मात्र हक्काने सांगेन. हरणाऱ्या संघाच्या गावात गप्पा जास्त रंगतात, कारण दुसरं काही हाताशी नसतं.

गप्पांत शिरायचं तर ऑगस्टातच शिरा. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघ शून्य-शून्य असतो. चाळीस वर्षं सामने बघणाऱ्या आजोबांनाही यंदाचं काही ठाऊक नसतं. ते फक्त ठासून बोलतात. त्यात २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल नावाचं प्रकरण आलं, खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसरीकडे जाणं सोपं झालं. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. परिणाम असा की दरवर्षी संघातले कितीतरी चेहरे नवे, तुमच्यासारखेच दोन बॅगा घेऊन आलेले. ऑक्टोबरात शिरायला गेलात तर आकडे पाठ असावे लागतात. ऑगस्टात चेहरा गंभीर ठेवला की भागतं.

पायरी पहिली: संघ निवडत बसू नका

आपल्याकडे आयपीएलचा संघ निवडता येतो. जन्म नाशिकचा, भक्ती चेन्नईची, कुणाची हरकत नसते. इथे तसं चालत नाही. ज्या विद्यापीठाने तुम्हाला प्रवेश दिला तो तुमचा संघ, आणि पदवी घेऊन चाळीस वर्षं झाली तरी तोच. शेजारचा संघ जिंकतोय म्हणून तिकडची टोपी घालणं म्हणजे मांडवात बसून दुसऱ्या मुलीची चौकशी करण्यासारखं आहे.

आमचंच बघा. दोनेक तासांवर ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठ आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेही आमच्यासारखेच हरणारे, त्यामुळे सहजीवन सुखाचं होतं. मग तिथे कर्ट सिग्नेटी नावाचा कोच आला. इतक्या हरलेल्या संघात चांगले खेळाडू कसे आणणार, असं २०२३ च्या डिसेंबरात कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. आणि २०२५ च्या हंगामात ते खरोखर देशाचे विजेते झाले. आता त्या गावाहून आलेल्या माणसाशी बोलताना आम्ही हवामानाचा विषय काढतो.

या दोघांच्या सामन्याला चषक नसतो. ओकच्या लाकडाचा जुना पोहरा असतो, विहिरीतून पाणी काढायचा. १९२५ पासून जो जिंकेल त्याच्याकडे पोहरा, आणि त्याच्या साखळीत जिंकणाऱ्याच्या आद्याक्षराची एक कडी वाढते. पहिलाच सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोघांचीही अक्षरं आहेत. दुसऱ्या गावात गेलात तर तिथे पोहऱ्याऐवजी आणखी काहीतरी असेल. पहिल्या आठवड्यात एवढं मात्र नक्की विचारून घ्या: आपलं वैर कुणाशी? ओहायो स्टेट विद्यापीठात गेलात तर उत्तर मिशिगन, पण ते नाव तोंडाने घ्यायचं नाही, "उत्तरेकडचा तो संघ" म्हणायचं. सामन्याच्या आठवड्यात तिथे आवारातल्या पाट्यांवरचं एम हे अक्षर लाल फुलीने खोडतात. मोठी माणसं, पगारी माणसं.

पायरी दुसरी: हाक आणि ओ

प्रत्येक विद्यापीठाची एक हाक असते आणि तिला ठरलेलं उत्तर असतं. "गणपती बाप्पा" असं कुणी ओरडलं तर आपण विचार करत थांबतो का? तसंच. ओहायो स्टेटवाला विमानतळावर "ओ-एच!" ओरडला की कुठल्याही गेटवरून "आय-ओ!" येतं. मिशिगनला "गो ब्लू", टेक्सस ए अँड एमला "गिग एम", अलाबामात "रोल टाइड", ऑबर्नला "वॉर ईगल". आमच्याकडे "बॉइलर अप!" म्हणतात आणि उत्तर येतं, "हॅमर डाऊन!"

बॉइलर कुठून आला? १८९१ मध्ये पर्ड्यूने शेजारच्या गावच्या वॉबॅश कॉलेजला धुतलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने चिडून आमच्या मुलांना बॉयलर बनवणारे आडदांड कारागीर म्हटलं. पोरांना ती शिवी इतकी आवडली की तेच नाव घेतलं. म्हणून आमच्याकडे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं एक रेल्वे इंजिन गावभर फिरतं आणि खऱ्या आगगाडीचा भोंगा वाजवतं. पहिल्यांदा ऐकलात की दचकाल. दुसऱ्यांदाही दचकाल.

पायरी तिसरी: खेळ, बावीस यार्डांच्या मापाने

नियमांचं पुस्तक जाड आहे, ते उघडू नका. तुमच्याकडे एक माप आधीच आहे: क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. फुटबॉलचं मैदान शंभर यार्ड, म्हणजे साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचा पट्टा, त्याला एंड झोन म्हणतात.

ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्न मिळतात. प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड, म्हणजे खेळपट्टीच्या निम्म्याहून थोडं कमी अंतर पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा नवे चार. नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. एवढ्यावर तीन-साडेतीन तास काढता येतात.

"थर्ड अँड सेव्हन" ऐकलं तर अर्थ एवढाच: तिसरा प्रयत्न, अजून सात यार्ड हवेत. आपल्या संघाची अशी वेळ असली तर गप्प बसायचं, समोरच्याची असली तर घसा फुटेस्तोवर ओरडायचं, म्हणजे त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू जात नाही. नवखे नेमकं उलटं करतात, आपला संघ खेळायला लागला की उत्साहाने बोंबलतात. मी केलं होतं. पुढच्या तीन रांगांनी एकदम मागे वळून बघितलं.

चौथ्या प्रयत्नाला सहसा कुणी धोका पत्करत नाही, चेंडू लाथेने लांब उडवून देतात. तो पंट. किंवा मैदानाच्या टोकाचे दोन उंच खांब टप्प्यात असतील तर चेंडू त्यांच्यामधून मारतात. तो फील्ड गोल, तीन गुण. एंड झोनमध्ये चेंडू नेला तर टचडाऊन, सहा गुण, आणि वर एक जास्तीचा गुण लाथेने मिळवता येतो. म्हणून धावफलकावर सात, चौदा, एकवीस असले सातच्या पाढ्यातले आकडे दिसतात.

चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, सगळ्यांच्या तोंडी क्यूबी. त्याच्या पुढे पाच अवाढव्य माणसं भिंतीसारखी उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. ओ-लाइन म्हणायचं. हा शब्द जपून ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे. चेंडू बगलेत मारून पळणाऱ्याकडे बघताना मला शाळेतल्या आट्यापाट्या आठवतात: एकाला हुलकावणी, दुसऱ्याच्या बोटांतून निसटणं, आणि तिसऱ्याने कंबर धरून आडवं करणं.

टीव्हीवर व्यावसायिक फुटबॉल बघून आला असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथे चेंडू झेलताना दोन्ही पाय रेषेच्या आत लागतात, कॉलेजात एक पुरतो. पंचांनी झेल दिला आणि शेजारचा कुरकुरला की "एक पाय आत होता" एवढं म्हणा. इज्जत वाढते.

पायरी चौथी: क्रमवारीवर हसायला शिका

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला कोण असतं? पीटीचे सर, राखीव खेळाडू आणि ज्याला प्रॅक्टिकल चुकवायचंय तो. इथे ॲन आर्बरला मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरून वर उरतील इतकी. कॉलेजचा खेळ हा इथे व्यावसायिक खेळाचा धाकटा भाऊ नाही, थोरला आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला झाला, व्यावसायिक लीग त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९२० मध्ये आली.

एवढा पसारा असला की भविष्य सांगणारे आलेच. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन देशातल्या पहिल्या पंचवीस संघांची यादी काढते. पहिली यादी ऑगस्टात येते, तेव्हा कुणी एक चेंडूही फेकलेला नसतो. वधूवरांची भेट व्हायच्या आधी जमलेली पत्रिका म्हणा. छत्तीस गुण जुळतात आणि संसार तिसऱ्या आठवड्यात मोडतो.

गप्पांसाठी ही यादी सोन्याची खाण आहे. २०२४ साली फ्लोरिडा स्टेट दहाव्या क्रमांकावर होते. २४ ऑगस्टला डब्लिनमध्ये, हो, आयर्लंडमधल्या, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात जॉर्जिया टेकने त्यांना शेवटच्या लाथेवर २४–२१ हरवलं. हंगाम संपला तेव्हा फ्लोरिडा स्टेटचे दोन विजय होते आणि दहा पराभव. २०२५ साली पहिला क्रमांक टेक्ससला दिला. ३० ऑगस्टला ओहायो स्टेटकडून १४–७ हरून ते मोकळे झाले.

टेक्ससबद्दल आणखी एक. २०१६ च्या पहिल्या सामन्यात त्यांनी दहाव्या क्रमांकाच्या नोत्र डेमला दोन जादा डावांनंतर ५०–४७ हरवलं आणि टीव्हीवरचा समालोचक भावनेच्या भरात ओरडला, "टेक्सस परत आलंय, मंडळी!" त्या हंगामात टेक्सस पाच जिंकून सात हरलं. नोत्र डेम तर चारच जिंकलं. तेव्हापासून "टेक्सस इज बॅक" हा टोमणा आहे. कुठल्याही संघाने कुठलाही पहिला सामना जिंकला, आणि तिथला माणूस फार फुशारला, की हे तीन शब्द शांतपणे उच्चारायचे. स्वर कौतुकाचा ठेवा, अर्थ पोचतो.

पहिल्या आठवड्यांत मोठे संघ पैसे देऊन लहान संघांना आपल्या मैदानावर बोलावतात. पाहुण्याला हरण्याचे पैसे, यजमानाला हुकमी विजय. अशा प्रतिस्पर्ध्याला कपकेक म्हणतात. पण २००७ मध्ये १ सप्टेंबरला पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनने खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं आणि त्यांनी एक लाखाच्या वर लोकांसमोर मिशिगनला ३४–३२ हरवलं. शेवटच्या क्षणी मिशिगनने फील्ड गोल मारला, तोही पाहुण्यांनी अडवला. पैसे घेतले ते घेतलेच. मिशिगनच्या माणसाशी मैत्री टिकवायची असेल तर हा विषय काढू नका. नसेल टिकवायची, तर तारखेसकट काढा.

आणि आता आमचं. २०२४ च्या ३१ ऑगस्टला पर्ड्यूने इंडियाना स्टेटला ४९–० असं चिरडलं. (ते विद्यापीठ वेगळं, पोहऱ्यावालं वेगळं. नावांचा घोळ इथे सर्वत्र आहे.) सोमवारी लिफ्टमध्ये काळी टोपी घातलेले एक आजोबा भेटले. मी उत्साहात म्हणालो, "यंदा आपलं वर्ष दिसतंय!" त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी सामना नाहीये. तो शनिवार सुखात घालव." मला वाटलं, विनोद असेल. पुढचा शनिवार म्हणजे ७ सप्टेंबर, गणेश चतुर्थीचा दिवस. सामना नसल्यामुळे पार्किंग मिळालं, आरतीला गर्दी झाली, मोदक संपले. १४ तारखेला नोत्र डेम आले आणि आमच्याच मैदानावर ६६–७ ने मारून गेले. अनंत चतुर्दशीला अजून तीन दिवस होते, आमचं विसर्जन आधीच उरकलं. त्यानंतर त्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नाही. शेवटी पोहऱ्याच्या सामन्यात ६६–०.

आजोबा अजून लिफ्टमध्ये भेटतात. आता मी काही बोलत नाही, तेच डोळा मारतात.

पायरी पाचवी: तोंड उघडायची वाक्यं

खाली दिलेली वाक्यं मी स्वतः वापरून तपासली आहेत.

"ओ-लाइनवर सगळं आहे." हे वाक्य दर वर्षी, दर संघाबद्दल, दर गावात खरं असतं. ओ-लाइन चांगली असेल तर ती टिकेल का ही चिंता, वाईट असेल तर बोलायलाच नको. पहिल्या वर्षी मी केस कापायला गेलो होतो. कात्री चालवता चालवता न्हाव्याने विचारलं, "मग, यंदा काय वाटतं?" मी म्हणालो, "सगळं ओ-लाइनवर आहे." कात्री थांबली. आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "बरोब्बर!" आणि पुढची वीस मिनिटं तोच बोलला. मी फक्त हं, हं करत होतो, मान हलवायची सोय नव्हतीच. निघताना म्हणाला, "तुला खेळ छान कळतो."

"शेड्यूल काही सोपं नाहीये यंदा." हेही बिनधोक. हंगामात बारा सामने असतात, त्यांत तीन-चार तरी भयंकर असतातच.

"बाकी कॉन्फरन्सचं काही खरं नाही राहिलं." हे जरा वरच्या इयत्तेचं. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचे गट. बिग टेन नावाच्या गटात २०२४ पासून अठरा विद्यापीठं आहेत. बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या गटात स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, जी पॅसिफिकच्या काठावर आहेत. टीव्हीच्या पैशांपायी भूगोल आणि अंकगणित दोन्ही गेलं, आणि या एका मुद्द्यावर कट्टर वैऱ्यांचंही एकमत होतं. दोन वैरी एका टेबलावर आले आणि वातावरण तापलं की हा विषय मध्ये सोडा.

समोरचा फार मोठं काही बोलला, म्हणजे "यंदा आम्ही प्लेऑफ गाठणार" वगैरे, तर "बघू नोव्हेंबरात" म्हणा. प्लेऑफ ही बारा संघांची अंतिम स्पर्धा. २०२४ च्या हंगामापासून बारा, त्याआधी चारच. सप्टेंबरात याहून जास्त माहिती असणं संशयास्पद दिसतं.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत उपयोगी वाक्य प्रश्नार्थी आहे: "तू पहिला सामना कुणाबरोबर बघितलास?" वडील, आजी, भावंडं, कॉलेजातली खोली, सगळं बाहेर येतं. मला इथल्या शेजाऱ्यांची नावं या प्रश्नामुळे कळली. तीन वर्षं फक्त हात हलवत होतो.

काय बोलू नये तेही सांगतो, थोडक्यात. "हे रग्बीसारखंच ना?" नको. "खरं फुटबॉल म्हणजे सॉकर" तर अजिबात नको, त्यावर पन्नास वर्षांत कुणाचं मत बदललेलं नाही. "सारखे थांबतात का हे?" हे कसोटी सामन्यात चहापान घेणाऱ्या देशाच्या माणसाने विचारू नये. आणि हरल्यावर "खेळच आहे शेवटी" म्हणालात तर पुढच्या शनिवारी तुम्हाला कुणी बोलावणार नाही.

पायरी सहावी: टेलगेट

सामन्याच्या आधी चार-पाच तास लोक पार्किंगमध्ये गाड्या लावतात, मागचं दार उघडतात, तंबू ठोकतात, शेगडी पेटवतात. हा टेलगेट. कितीतरी जण तिकीट न काढता इतकंच करून घरी जातात, आणि कधी कधी तेच शहाणे ठरतात.

सकाळी लवकर बाहेर पडलात आणि सातच्या सुमारास रस्त्यावर एक केळं, दोन बॅटमॅन आणि एक नन घोळक्याने जाताना दिसले तर घाबरू नका. पर्ड्यूत घरच्या सामन्याच्या सकाळी मुलं सोंगं घेऊन बारमध्ये जातात, त्याला ब्रेकफास्ट क्लब म्हणतात. वय एकवीस पूर्ण नसेल तर आत सोडत नाहीत, असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा.

टेलगेटला रिकाम्या हाताने जाऊ नये. चिप्स आणि सालसा सगळेच आणतात. तुम्ही बटाटेवडे न्या. पाव मिळत नाही, पण दुकानात गोडसर छोटे डिनर रोल मिळतात, ते मधून कापून तव्यावर शेकले की काम भागतं. सुकी लसणाची चटणी वेगळ्या डबीत न्या आणि तिखट आहे असं आधी सांगा. मी नेलेले चाळीस वडे पंचवीस मिनिटांत संपले, आणि तेव्हापासून त्या तंबूत माझं नाव कुणाला उच्चारता येत नसलं तरी माझी जागा पक्की आहे. शाकाहारी असाल तर शेगडीवर व्हेजी बर्गरखाली वेगळी फॉइल टाकायला सांगा. आधी सांगितलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. नंतर सांगितलं तर बिचाऱ्यांनाच ओशाळल्यासारखं होतं.

तिथे लोक एका तिरक्या फळीच्या भोकात दाणे भरलेल्या पिशव्या फेकत असतील. तो कॉर्नहोल. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. लगोरीत हात बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात जमतो. बोलावलं की नाही म्हणू नका. पिशवी फेकता फेकता ज्या गप्पा होतात त्या खुर्चीत बसून होत नाहीत.

तंबूत टीव्ही असतो, त्यावर सकाळचा गेमडे हा कार्यक्रम चालू असतो. ली कॉर्सो हे म्हातारबुवा त्यात कोण जिंकणार ते त्या संघाच्या शुभंकराचं डोकं घालून सांगायचे. हा प्रकार त्यांनी १९९६ मध्ये ओहायो स्टेटच्या कोलंबस गावी सुरू केला आणि नव्वदीत, ३० ऑगस्ट २०२५ ला, तिथेच तेच डोकं घालून निरोप घेतला. त्यांचं पालुपद होतं, "इतकी घाई नको, मित्रा!" कुणी भाकीत केलं की हे म्हणून बघा, तंबूतले सगळे तुमच्याकडे बघून हसतील. या खेपेला चांगल्या अर्थाने.

पायरी सातवी: आत जाताना

विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त असतं, ते आधीच घ्या. पाठपिशवी नेऊ नका. बहुतेक स्टेडियममध्ये आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवीच चालते, नाहीतर गाडीपर्यंत परत हेलपाटा. सप्टेंबरातल्या दुपारच्या सामन्याला ऊन सोलापूरची आठवण करून देतं, टोपी आणि पाणी हवंच. विद्यार्थ्यांच्या भागात सगळा सामना उभ्याने बघतात, तेव्हा चपला नकोत, बूट घाला.

दुपारी बाराच्या सामन्याची वेळ घरी कळवून ठेवा. इथले बारा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे जेवणं उरकून आईच्या फोनची नेमकी वेळ. माझी आई आता "हाफ टाइम झाला का?" असा मेसेज आधी टाकते. खेळ काय असतो ते तिला ठाऊक नाही. पण ओ-लाइनची चौकशी करते.

पायरी आठवी: सोमवार

जिंकलात तर काही शिकावं लागत नाही. हरलात तर क्रम ठरलेला आहे. आधी पंच, मग कोऑर्डिनेटर (म्हणजे डावपेच आखणारा कोचचा मदतनीस), मग कोच. क्यूबीला दोष देताना जपून, तो तुमच्याच वर्गात असू शकतो. कोचला काढा म्हणणं सोपं असतं, पण करार मोडला तर भरपाई द्यावी लागते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरना काढलं तेव्हा काम न करण्याबद्दल त्यांना साडेसात कोटींहून जास्त डॉलर देणं लागलं. हे सांगितलं की प्रत्येक जण आपला पगार आठवून दोन मिनिटं गप्प होतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या सोमवारी आमच्या गावात कुणीतरी उसासा टाकून विचारतं, "बास्केटबॉल कधी सुरू होतंय?" हा प्रश्न ऐकलात की समजा, फुटबॉलचा हंगाम आटोपला, सामने कितीही उरलेले असोत. उत्तर पाठ करून ठेवा: नोव्हेंबरचा पहिला आठवडा. बास्केटबॉलमध्ये आम्ही २०२४ साली देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो होतो. तिथे हरलो, ते वेगळं.